वलय-प्रजातींवर लिहिताना या चुका टाळा

परभणीत पदव्युत्तर वर्गाला उत्क्रांती शिकवताना वलय-प्रजाती, म्हणजे रिंग स्पीशीज (अडथळ्याभोवती वलयासारखे पसरलेले समूह, ज्यांत शेजारच्यांचा संकर होतो पण वलयाची टोके भेटतात तिथे होत नाही), या प्रकरणातल्या त्याच त्या चुका मला दरवर्षी दिसतात. त्यांतली सर्वांत खटकणारी म्हणजे पक्षी कोठे दिसला याची नोंद करणे आणि तो वीण कोठे करतो हे न पाहणे.

एका गटाने हिवाळाभर बाभळी-कडुनिंबांवरचे हिरवट पर्णवटवटे मोजले आणि मराठवाडा वलयाचा भाग असल्याचे लिहिले. मेहनत खरी होती, निष्कर्ष मुळातच चुकला होता. आपल्याकडे हा पक्षी हिवाळी पाहुणा आहे. त्याचे वलय तिबेटच्या पठाराभोवतीच्या वीणक्षेत्रांचे आहे. हिमालयाकडून त्याचे समूह पठाराच्या पश्चिमेने आणि पूर्वेने उत्तरेकडे पसरले, शेजारच्या समूहांत संकर होत राहिला, पण गाणे दोन्ही वाटांवर वेगवेगळ्या रीतीने गुंतागुंतीचे होत गेले, आणि मध्य सायबेरियात दोन्ही टोके भेटली तेव्हा तिथले नर परस्परांचे गाणे ओळखेनासे झाले होते. जीवशास्त्रज्ञ डॅरेन अर्विन यांनी ध्वनिमुद्रित गाणी ऐकवून हे दाखवले. त्या गटाकडून मी नकाशा पुन्हा काढून घेतला: विणीची ठिकाणे हिरव्या रंगात, हिवाळ्यातली निळ्या. तेव्हापासून दोन रंगांशिवाय मी नकाशा तपासतच नाही.

नकाशात प्रसाराचे बाण वर्तुळात फिरवू नका. प्रसार एका भागातून दोन दिशांना होतो.

उत्तर ध्रुवाभोवतीच्या सीगल पक्ष्यांच्या वलयाचे उदाहरण गाइडमधून उतरवू नका. उत्क्रांतीशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये ते प्रसिद्ध केले, पण २००४ च्या डीएनए अभ्यासात ते वलय टिकले नाही. तयार नोट्सवर विसंबण्याची घाई इथे हमखास गुण घालवते. वटवट्याच्या बाबतीतही अखंड साखळी गृहीत धरू नये, कारण २०१४ च्या जनुकीय अभ्यासानुसार तिथलाही जनुकप्रवाह, म्हणजे समूहांमधली जनुकांची देवाणघेवाण, काही ठिकाणी खंडित झालेला होता. हे मान्य करून लिहिलेले उत्तर मला अधिक प्रामाणिक वाटते.

कॅलिफोर्नियातल्या एन्सॅटिना सॅलॅमँडरवर (पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचरावर) लिहिताना मधली सेंट्रल व्हॅली गाळू नये. त्या कोरड्या, उष्ण खोऱ्यामुळेच हे समूह किनाऱ्यालगतच्या डोंगरांतून आणि सिएरा नेवाडातून अशा दोन वाटांनी दक्षिणेकडे पसरले.