सगळे रिपोर्ट नॉर्मल तरी दिवस राहत नाहीत? गर्भपिशवीच्या तोंडाकडे बघा जरा

नवऱ्याचा सीमेन रिपोर्ट चांगला, एचएसजीमध्ये (ट्यूबच्या एक्स-रेमध्ये) दोन्ही ट्यूब मोकळ्या, अंडं पण फुटतंय, तरी राहत नाही, मग फाइलवर 'अनएक्सप्लेन्ड', म्हणजे कारण सापडलं नाही, असं लिहितात आणि घरचे विचारत राहतात ते वेगळंच. पण गर्भपिशवीचं तोंड म्हणजे सर्व्हिक्स, तिथला स्राव यातल्या कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही, तो आपणच बघायचा असतो.

महिन्यातले बरेच दिवस हा स्राव घट्ट असतो, शुक्राणूंना वाट मिळत नाही. अंडं फुटायच्या आधी इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढलं की तो पातळ होतो आणि त्यात शुक्राणू ५ दिवसांपर्यंत जगू शकतात, नंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन आलं की स्राव घट्ट होऊन परत दार बंद.

बघायचं कसं, तर पाळी थांबली की रोज बाथरूमला गेल्यावर लघवीआधी टिश्यूने पुसा आणि जे लागेल ते अंगठा आणि बोटात धरून ताणा. लगेच तुटलं, पांढरट चिकट असलं तर अजून वेळ आहे. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं पारदर्शक, न तुटता लांब ताणलं गेलं तर तेच दिवस, तेव्हापासून रोज किंवा एक दिवसाआड संबंध ठेवा. संबंधानंतर लगेच बघू नका, वीर्यामुळे काही कळत नाही. आणि सगळ्यांना १४वा दिवस सांगतात तो २८ दिवसांच्या पाळीचा हो, ३५ दिवसांची असेल तर साधारण २१वा येतो.

आपल्याकडे यालाच 'अंगावरून पांढरं जातंय' समजून गोळ्या घेणाऱ्या बायका कमी नाहीत! वास, खाज, हिरवट-पिवळा रंग असेल तर मात्र इन्फेक्शन असू शकतं, दाखवून घ्या. आतून धुणं बंद करा, आणि थुंकी किंवा नेहमीचं ल्युब्रिकंट शुक्राणूंना मारक ठरू शकतं म्हणून ते पण नको.

डॉक्टरांना दोन गोष्टी न विचारता सांगा. एक, आधी गर्भपिशवीच्या तोंडाला शेक दिलाय का (कॉटरी, म्हणजे तिथला भाग जाळणं), लीप किंवा कोन बायोप्सी (तिथला थोडा भाग कापून काढणं) झालीय का, कारण त्याने तोंड अरुंद होऊ शकतं आणि स्राव बनवणाऱ्या ग्रंथी पण कमी होतात. दुसरं, क्लोमिफिन (अंडं तयार होण्यासाठी देतात ती गोळी) चालू असताना स्राव कोरडा वाटतोय का, त्या गोळीने काहींना तसं होतं, मग त्याऐवजी लेट्रोझोल ही गोळी चालेल का विचारा.

संबंधानंतर स्राव तपासायची पोस्ट-कॉइटल टेस्ट कुणी सुचवली तर माझ्या मते पैसे वाचवा, त्यावरून दिवस राहतील की नाही नीट कळत नाही म्हणून ती आता रुटीनमध्ये करत नाहीत. तोंडाचाच अडथळा असेल तर आययूआयमध्ये धुतलेले शुक्राणू बारीक नळीने थेट पिशवीत सोडतात, तोंडाचा प्रश्नच येत नाही. वय ३५च्या पुढे असेल तर वर्षभर थांबू नका, ६ महिन्यांतच दाखवा.