कॉर्डलेस फोन आणि आन्सरिंग मशीन: या चुका टाळा

मुले नोकरीसाठी पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात आणि वयस्कर आई-वडील गावाकडच्या घरात, अशी मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबांची स्थिती आहे. अशा घरी लँडलाईनवरचा कॉर्डलेस फोन आजही फार उपयोगाचा आहे, कारण हँडसेट सोबत घेऊन ओसरीत बसता येते आणि फोन उचलता आला नाही तरी आन्सरिंग मशीनमध्ये निरोप राहतो. मात्र ‘फोन बिघडला’ म्हणून जे संच अडगळीत पडतात, त्यांतल्या बऱ्याच संचांना काहीही झालेले नसते. वीज, सेल, ठेवण्याची जागा किंवा मशीनची एखादी सेटिंग यांपैकी कुठेतरी चूक झालेली असते.

पहिली चूक म्हणजे घरात फक्त कॉर्डलेसच ठेवणे. साध्या वायरच्या फोनला एक्स्चेंजकडून लाईनवरच सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा मिळतो, त्यामुळे लाईट गेली तरी तो चालतो. कॉर्डलेसचा बेस, म्हणजे हँडसेट ज्यावर ठेवतात तो भाग, मात्र अडॅप्टरवर चालतो आणि वीज गेली की हँडसेटचे सेल कितीही भरलेले असले तरी फोन लागत नाही. भारनियमनाच्या काळात, किंवा वळवाच्या पावसात रात्रभर फीडर बंद राहतो तेव्हा, नेमक्या गरजेच्या वेळी आजारी माणसाच्या घरचा फोन मुका होतो. म्हणून त्याच लाईनवर एक साधा फोन समांतर जोडून ठेवावा. घरात इन्व्हर्टर असेल तर बेसचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावावा. त्याला वीज अगदी थोडी लागते.

आता अनेक ठिकाणी तांब्याच्या तारेऐवजी फायबर आले आहे आणि तेथे हा हिशेब बदलतो. फायबरच्या जोडणीत फोनची लाईन घरात बसवलेल्या मोडेमच्या डबीतून निघते, त्यामुळे त्या डबीची वीज गेली तर साधा फोनही बंद पडतो. अशा घरी मोडेम आणि बेस या दोन्हींना बॅकअप हवा. फायबर आल्यानंतरही फोनची पिन भिंतीवरच्या जुन्या सॉकेटमध्येच ठेवली जाते आणि ‘डायल टोन येत नाही’ अशी तक्रार होते. ती पिन मोडेमवरच्या फोनच्या खाचेत लावायची असते.

सेलच्या बाबतीत होणारी चूक मात्र धोक्याची आहे. हँडसेटमध्ये बहुतेक वेळा पेन्सिल सेलपेक्षा बारीक, १.२ व्होल्टचे, पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे दोन सेल असतात. ते संपले की किराणा दुकानातून रिमोटचे साधे सेल आणून बसवले जातात, आणि आकार तोच असल्यामुळे ते बसतातही. साधा सेल चार्जिंगला लावला की तो तापतो, गळतो, क्वचित फुटतो. सेलची झाकणी उघडल्यावर पत्र्याच्या टोकांवर पांढरट किंवा हिरवट भुकटी दिसली, तर काहीतरी गळले आहे असे समजावे. ती भुकटी कोरड्या फडक्याने पुसून दोन्ही सेल एकाच वेळी, एकाच प्रकारचे आणि चार्ज होणारेच घालावेत. नवे सेल घातल्यावर पहिल्यांदा सहा-सात तास सलग चार्जिंग होऊ द्यावे. हँडसेट बेसवर ठेवूनही चार्ज होत नसेल, तर आधी बेसवरच्या दोन पितळी पट्ट्या पुसून पाहाव्यात, कारण आपल्याकडच्या धुळीने त्यांच्यावर लवकर पुटे चढतात. बहुतेक संच ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा त्याच्या वर जातो, हे ध्यानात घेऊन बेस पश्चिमेच्या खिडकीत, फ्रीजवर किंवा पत्र्याला लागून असलेल्या फळीवर ठेवू नये.

जागेचा विचार आपल्याकडे विशेष करावा लागतो. जुन्या माळवदाच्या घरात पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती असतात आणि फोन ठेवण्यासाठी भिंतीतली देवळी सोयीची वाटते. पण देवळीत ठेवलेल्या बेसला तीन बाजूंनी भिंतच असते आणि रेडिओलहरी बाहेर पडण्याआधीच दुबळ्या होतात. पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट आणि धान्याच्या कोठ्या या लहरी अडवतात किंवा परावर्तित करतात. म्हणून बेस घराच्या मध्यावर, उघड्या जागी, छातीइतक्या उंचीवर ठेवावा आणि हँडसेट घेऊन अंगणापर्यंत चालत जाऊन आवाज कुठे तुटतो ते पाहावे. भारतात विकले गेलेले पुष्कळ कॉर्डलेस संच २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. वाय-फायचा राऊटर आणि मायक्रोवेव्ह याच पट्ट्यात काम करतात, त्यामुळे बेस राऊटरला चिकटून ठेवला की एकीकडे खरखर होते आणि दुसरीकडे इंटरनेट मंदावते. दोघांत काही फुटांचे अंतर ठेवावे. राऊटरमध्ये ५ गिगाहर्ट्‌झची सोय असेल तर मोबाईल आणि लॅपटॉप त्यावर घ्यावेत.

आन्सरिंग मशीनबद्दल सर्वांत जास्त गैरसमज होतात, आणि त्यांचा त्रास घरातल्या वृद्धांनाच होतो. आपल्याकडे घंटीचे एक आवर्तन, म्हणजे ‘ट्रिंग-ट्रिंग’ आणि नंतरची शांतता, साधारण ३ सेकंदांचे असते. मशीन चौथ्या घंटीला उचलेल असे ठरवलेले असेल तर फोनपाशी पोहोचायला जेमतेम १२ सेकंद मिळतात, आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना परसातून यायला एवढा वेळ पुरत नाही. लँडलाईनवर आलेला फोन उचलला गेला नाही तर तो ६० सेकंद वाजावा, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिले आहे. म्हणजे थांबायला भरपूर वाव आहे. मशीन सात-आठ घंट्यांपर्यंत थांबेल अशी सेटिंग करता येत असेल तर अवश्य करावी.

याहून गोंधळात टाकणारी सोय म्हणजे ‘टोल सेव्हर’. बाहेरगावाहून फोन करून निरोप ऐकणाऱ्याचे पैसे वाचावेत म्हणून ती केलेली आहे: मशीनमध्ये नवा निरोप असेल तर ते दुसऱ्या घंटीलाच उचलते आणि नसेल तर अधिक वेळ थांबते. ही सेटिंग चालू राहिली आणि एक जरी निरोप न ऐकता पडून राहिला, की त्यानंतरचा प्रत्येक फोन दोन घंट्यांत कापल्यासारखा वाटतो. घरातले म्हणतात, ‘फोन वाजतो आणि लगेच बंद होतो,’ आणि लाईनमनला बोलावले जाते. लुकलुकणारा दिवा पाहून निरोप ऐकला की फोन पुन्हा पूर्ववत वाजू लागतो. तरी वृद्धांच्या घरी टोल सेव्हर बंदच ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे.

कंपनीने भरून दिलेला इंग्रजी संदेश तसाच ठेवणे हीदेखील चूकच आहे. गावाकडचा माणूस तो ऐकून फोन ठेवून देतो आणि मशीनमध्ये फक्त ‘टूं टूं’ साठत राहते. आपल्या घरातल्या आवाजात, सावकाश, असे काही भरावे: “नमस्कार. आम्ही आत्ता फोनपाशी नाही. आवाज झाल्यावर आपले नाव, गाव आणि निरोप सांगा. आम्ही फोन करू.” ‘चार दिवस पंढरपूरला गेलो आहोत’ असे मात्र कधीही भरू नये, कारण फोन करणारा कोण आहे हे मशीनला कळत नाही. निरोप येत असताना तो बेसच्या स्पीकरवर मोठ्याने ऐकू येतो, म्हणून बैठकीत बेस असेल तर आवाज कमी ठेवावा. बाहेरून निरोप ऐकण्याचा सांकेतिक क्रमांक कारखान्यातून सोपा आलेला असतो, तो पहिल्याच दिवशी बदलावा. वीज जाऊन आल्यावर घड्याळ चुकलेले नाही ना, हे पाहावे. नाहीतर दवाखान्याचा निरोप आजचा की कालचा, हे समजत नाही.

मोबाईलला फोन लागत नसेल तर हँडसेटच्या फोनबुकात पाहावे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन करताना आधी ० लावणे बंधनकारक आहे आणि त्याआधी साठवलेले दहा अंकी क्रमांक तसेच राहिलेले असतात.

ढग गडगडू लागले की अडॅप्टर आणि तांब्याच्या लाईनची पिन दोन्ही काढून ठेवावीत. फक्त अडॅप्टर काढला तर वीज लाईनकडून येऊ शकते. अडॅप्टर जळालाच, तर नवा घेताना व्होल्ट, अँपिअर आणि पिनच्या टोकाचे धन-ऋण हे तिन्ही जुन्याशी जुळवून घ्यावेत, पिन बसते एवढ्यावर विसंबू नये.

खरखर किंवा शुकशुकाट तरीही राहिला, तर दुकानात जाण्याआधी सगळे संच आणि जोडवायरी काढून एकच साधा फोन लाईन जेथे घरात येते त्या जागी लावावा. तेथेही खरखर असेल तर दोष बाहेरच्या लाईनचा आहे, तशी तक्रार नोंदवावी. आवाज स्वच्छ असेल तर एकेक वस्तू पुन्हा जोडत जावे. तांब्याच्या लाईनवर इंटरनेट असेल तर प्रत्येक फोनच्या आधी फिल्टर (इंटरनेटची खरखर फोनपर्यंत येऊ न देणारी छोटी डबी) बसवला आहे का, ते याच वेळी पाहावे, आणि जी वस्तू जोडताच खरखर परत येते तीच दुरुस्तीला न्यावी.