स्पिटफायरचं मॉडेल रंगवताना या चुका टाळा

खोक्यावरचं चित्र बघून रंगाच्या बाटल्या मागवणं ही पहिली चूक, आणि पुढच्या बऱ्याच घोळांचं मूळही तिथेच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने या लढाऊ विमानाचे रंग इतक्यांदा बदलले की नुसतं 'स्पिटफायर' म्हणून भागत नाही. कोणतं विमान, कोणता महिना, कोणती आघाडी हे आधी ठरवा, मग खरेदी.

1940 च्या उन्हाळ्यातलं, बॅटल ऑफ ब्रिटनचं विमान करताय? वरून डार्क अर्थ हा तपकिरी आणि डार्क ग्रीन, इथवर सगळे बरोबर असतात. घोळ होतो पोटाशी. तिथला रंग 'स्काय', म्हणून लोक सरळ आकाशी फासून मोकळे होतात. खरा स्काय पिस्ता बर्फीत दूध जास्त झाल्यासारखा, फिकट पिवळसर-हिरवा. तोही जून 1940 पासूनचा. डंकर्कहून ब्रिटिश सैन्य माघारी आलं त्या वेळी पोटाची डावी बाजू काळी आणि उजवी पांढरी असायची, जमिनीवरच्या तोफवाल्यांना आपलं विमान ओळखू यावं म्हणून. मॉडेल उलटं धरलं की डावं-उजवं हमखास चुकतं. दोन्ही पंखांवर टेपचा तुकडा चिकटवून 'डा' आणि 'उ' लिहून ठेवा.

ब्रिटनमधून उडणाऱ्या 1944 च्या विमानावर तो तपकिरी दिसला की मात्र डोकं फिरतं. लढाई इंग्लिश खाडीपलीकडे सरकली, समुद्रावर तपकिरी उठून दिसू लागला, म्हणून ऑगस्ट 1941 मध्ये त्याच्या जागी ओशन ग्रे आला आणि पोटाला मीडियम सी ग्रे. तयार ओशन ग्रे हाताशी नसेल तिथे सात भाग मीडियम सी ग्रेमध्ये एक भाग काळा मिसळून काम भागवलं जाई. तेव्हा त्या काळातल्या विमानाची राखाडी छटा थोडी इकडेतिकडे झाली तर बाटली फेकू नका.

ब्रह्मदेशाची आघाडी वेगळी. तिथल्या हरिकेन विमानांवर, आणि भारतीय स्क्वाड्रनही तीच उडवत होत्या, हिरवा-तपकिरीच चालू राहिला. मात्र ओळखचिन्हाच्या गोलातला लाल ठिपका काढला होता, कारण जपानी विमानावरही लालच गोल. म्हणजे किटमधले युरोपचे डिकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं) इथे चालत नाहीत. केशरी-पांढरा-हिरवा गोल तर नकोच, तो स्वातंत्र्यानंतरचा.

डिकलखाली चंदेरी डाग दिसतोय? मॅट, म्हणजे बिनचमकीच्या रंगाच्या खडबडीत पृष्ठभागात हवा अडकली आहे. आधी ग्लॉस (चकचकीत) वार्निश, ते नीट वाळल्यावर डिकल, शेवटी मॅट. झालेल्या डिकलला बारीक सुईने टोचून सेटिंग सोल्युशन (डिकल मऊ करून नीट बसवणारं द्रावण) लावलं तर बहुतेकदा डाग जातो.

दोन रंगांची कड फार धूसर करू नका. 1:72 च्या मॉडेलवर 2 मिलिमीटरची धूसर कड म्हणजे खऱ्या विमानावर 14 सेंटिमीटर!

डी-डेचे, म्हणजे 6 जून 1944 च्या नॉर्मंडी चढाईचे पट्टे याच्या उलट. पांढरा-काळा-पांढरा-काळा-पांढरा, स्पिटफायरवर प्रत्येकी 18 इंच, म्हणजे 1:72 ला जेमतेम 6.3 मिलिमीटर. गुप्तता राखायची म्हणून हुकूम 6 जूनच्या अगदी तोंडावर सुटला आणि जमिनीवरच्या माणसांनी मिळेल त्या ब्रशने पट्टे ओढले. तिथे पट्टीने आखल्यासारखी रेघ खोटी वाटते. कड थोडी हलू द्या, पांढऱ्यातून खालचा रंग डोकावू द्या.

झीज दाखवताना रडरवर (शेपटीच्या उभ्या सुकाणूवर) चंदेरी टवके नकोत. तो कापडाने मढवलेला असे, आणि कापडाचे पत्र्यासारखे टवके उडत नाहीत. हौस असेल तर डाव्या पंखाच्या मुळाशी रंग घासा. वैमानिक तिथूनच चढायचा.