नस आधी बोटाला सापडू द्या

शरीररचनेच्या ॲटलासमधल्या नसांच्या (मज्जातंतूंच्या) पिवळ्या रेघा पाठ असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना विदर्भातल्या खेड्यावरच्या ओपीडीत बसवण्याआधी एकमेकांच्या नसा चाचपायला लावा. साहित्य म्हणाल तर एक स्केच पेन.

कोपरापासून सुरू करा. जोडीदाराचा हात सैल धरून कोपर थोडा वाकवायचा. आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यामागे खाच असते, तिथे अल्नर नस दोरीसारखी बोटाखाली सरकते. हलकं दाबलं तरी करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. जाऊ द्या एकदा! जिथे गेल्या तिथे पेनने रेघ ओढायची: करंगळी आणि तिच्याकडची अर्धी अनामिका. एवढं झालं की तक्ता दाखवायची गरज फारशी उरत नाही.

मग गुडघा. बाहेरच्या बाजूला फिब्युलाचं, म्हणजे पोटरीतल्या बारीक हाडाचं, डोकं शोधून जरा मागे-खाली बोट फिरवलं की कॉमन पेरोनियल नस लागते. इथे घाई नको. नस हाडाला वळसा घालते आणि वर मांसाचं आवरण जवळपास नसतंच. त्यामुळे तासन्तास उकिडवं बसून निंदण करणाऱ्या बाईची ही नस दबून पाऊल लुळं पडू शकतं. लगेच जोडीदाराला पाऊल वर उचलायला लावून ताकद बघा.

कुष्ठरोगात याच दोन नसा बऱ्याचदा जाड होतात. तेव्हा दोन्ही बाजू ताडून बघायची सवय आताच लावा, आणि चाचपताना नजर बोटांवर नको, समोरच्याच्या चेहऱ्यावर हवी. दुखलं तर तिथे आधी दिसतं.