फँटसी लिहिताय? आषाढात सैन्य घाटात घालू नका

माझ्या पहिल्या कादंबरीत दहा हजारांचं घोडदळ किनाऱ्यावरून घाट चढून राजधानीवर चालून येतं. महिना आषाढ. कारण एवढंच की विजा, चिखल आणि भिजलेल्या तलवारी म्हटलं की प्रसंग रंगतो. बेळगावजवळच्या खानापूरला घरी आप्पांनी ती पानं वाचली. त्यांचा जन्म भातशेतीत गेलाय. त्यांनी एकच विचारलं, "आरं, एवढ्या पावसात दाणावैरणीची बैलं घाट चढलीच कशी?" कथानक तिथंच बसलं.

चोर्ला किंवा आंबोली घाटातला पाऊस आपण दरवर्षी बघतो, पण लिहायला बसलं की डोळ्यांसमोर येतो तो परदेशी कादंबरीतला बर्फ. आपल्याकडे हिवाळा युद्ध थांबवत नाही, पावसाळा थांबवतो. दसऱ्याचं सीमोल्लंघन त्यातूनच आलं. नद्या उतरल्या, वाटा वाळल्या की मोहीम. लादलेला बैल दिवसाला फार तर १५-२० किलोमीटर जातो आणि सैन्य धान्याला सोडून पुढं पळू शकत नाही. म्हणून नकाशाच्या आधी बारा महिन्यांचं पंचांग मांडा. कुठल्या महिन्यात कुठली वाट बंद, पेरणीला माणसं गावात कधी लागतात, बंदरं कधी उघडतात. दख्खनच्या राजांना चांगले घोडे समुद्रापलीकडून आणावे लागत आणि गलबतं वाऱ्याच्या मर्जीनं येत. शत्रू दारात आहे, पण घोडे यायला अजून दोन महिने आहेत, एवढ्यावर कादंबरीचा अख्खा खंड उभा राहतो. जादूची गरजही पडत नाही.

नकाशाचंही तसंच. पाहिलेल्या दर दोन नकाशांत एका तरी नदीला मध्येच दोन फाटे फुटून ती दोन समुद्रांना मिळते. नद्या एकत्र येतात, त्रिभुज प्रदेश सोडला तर सहसा फुटत नाहीत. फाट्यापेक्षा भारी गोष्ट खानापूर तालुक्यातच आहे. कणकुंबीला उगवलेली मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि त्याच डोंगररांगेत उगवणारी म्हादई गोव्यातून अरबी समुद्राला मिळते. त्या कड्यावर एक ठाणं बसवा. दोन राज्यांचं पाणी ज्याच्या हातात, त्याला सिंहासन कशाला हवं?

खाण्यात तर हमखास पाय घसरतो. बेळगावच्या रट्ट राजांच्या काळासारखं, म्हणजे १२०४ च्या आसपासचं जग रंगवायचं आणि सैनिकाच्या फडक्यात भाकरीबरोबर संकेश्वरी मिरचीचा ठेचा बांधून द्यायचा! मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा आणि निपाणीची ओळख असलेला तंबाखू हे सगळं मूळचं अमेरिकेतलं. आपल्याकडे आलं ते पोर्तुगीजांनंतर. त्याआधी तिखटपणा मिऱ्याचा आणि आल्याचा. जग काल्पनिक आहे हे मान्य, हवी तर मिरची ठेवा. मग ती कुठल्या जहाजातून आली आणि त्या व्यापारात कोण गबर झालं तेही ठेवा.

"आशियाई" म्हणजे एकच भाजी समजणं ही मला सगळ्यात न आवडणारी चूक. एका शहरात समुराई, दुसऱ्या गल्लीत मंगोल धनुर्धारी, राणीच्या अंगावर नऊवारी. मंगोल फौजेची दहा, शंभर, हजार, दहा हजार अशी रचना आणि प्रत्येक स्वाराबरोबरचे जादा घोडे हे गवताळ प्रदेशाचं देणं आहे. तीच फौज सह्याद्रीच्या दमट रानात उतरवली तर घोड्यांना खायला काय घालणार? ड्रॅगनचंही तेच. चिनी ड्रॅगनचं नातं पावसाशी आणि नद्यांशी आहे. आग ओकत सोन्यावर बसणारा युरोपातला. गुप्तधनावर बसायला आपल्याकडे नाग आहेच की!

भाषेचं मात्र आपल्या भागातल्या लेखकानं तरी चुकवू नये. हस्तलिखितातलं अख्खं साम्राज्य, सम्राटापासून मोळीविक्यापर्यंत, एकाच पुस्तकी मराठीत बोलतं. लेखक स्वतः मित्राला "काय करुलालास?" विचारतो आणि बाजारात कन्नडमध्ये भाव करतो. बेळगाव म्हणजे तेव्हाचं वेणुग्राम. तिथून राज्य करणारे रट्ट कन्नडमध्ये शिलालेख कोरवत आणि बिरुद मिरवत 'लत्तलूरपुरवराधीश्वर', म्हणजे लातूरचे स्वामी. असं राजघराणं मी कल्पनेतून काढलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. प्रत्येक पात्राबद्दल तीन गोष्टी ठरवा: ते पैसे कुठल्या भाषेत मोजतं, शिव्या कुठल्या भाषेत देतं आणि देवाला कुठल्या भाषेत हाक मारतं. 'आरिथ्रन'छाप नावं आपोआप गळतील.

जादूसाठी व्हिडिओ गेममधलं शक्तीचं मीटर उसनं आणण्याआधी गावदेवळाजवळचा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, नीट बघा. सहसा खालच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा पळवलेल्या गुरांसाठी. मधल्या चौकटीत वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हा करार. तिथं राजपुत्रच असावा लागत नाही, गाईंमागे धावलेला गावकरीही चालतो. कुणी तो दगड उचलून गोठ्याच्या भिंतीत उलटा बसवला तर करार मोडतो का? माझी दुसरी कादंबरी या एका प्रश्नावर चाललीय.

पहिलीची डागडुजीही झाली. मोहीम दसऱ्यानंतर ढकलली, सेनापतीची चाळीस पानं कापली आणि दाण्याच्या तांड्याचा नायक पुढं आणला. आप्पांनी नवा खर्डा वाचलाय. आता त्यांची तक्रार आहे की घाट चढण्याआधी बैलांच्या खुरांना पत्र्या मारल्याचं कुठंच लिहिलेलं नाही.