एसएमई फंक्शनची ॲट्रिब्यूट लिहिताना या चुका टाळा

आर्मच्या एसएमई विस्तारासाठी (मॅट्रिक्सची गणिते जलद करणाऱ्या प्रोसेसर-सूचनांचा संच) लिहिलेल्या फंक्शनची ॲट्रिब्यूट, म्हणजे फंक्शनच्या नावासोबत लिहायच्या खुणा, पुष्कळ जण वेग वाढवण्याची सूचना समजतात. वास्तविक, प्रोसेसर कोणत्या मोडमध्ये असताना फंक्शन कॉल करायचे आणि झेडए रजिस्टरमधील (मॅट्रिक्स साठवण्याची प्रोसेसरमधील जागा) मजकुराचे काय होणार, याचा तो कॉल करणाऱ्याशी झालेला करार असतो आणि कंपायलर तो खरा धरूनच कोड तयार करतो.

सर्वाधिक वेळ खाणारी चूक हेडरमध्ये असते. फंक्शनच्या व्याख्येत ‘स्ट्रीमिंग’ (हे फंक्शन एसएमईच्या खास स्ट्रीमिंग मोडमध्येच चालते) लिहिले आणि हेडरमध्ये ते राहून गेले, तर ते हेडर वापरणारी दुसरी सी फाइल फंक्शन साधेच समजते आणि कॉलपूर्वी ‘एसएमस्टार्ट’ ही तो मोड चालू करणारी सूचना घातली जात नाही. लिंकर हे तपासत नाही. प्रोग्राम एफएमओपीएसारख्या (मॅट्रिक्स गुणाकाराची, त्याच मोडमध्ये चालणारी) पहिल्याच सूचनेवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडतो. व्याख्येच्या फाइलमध्येही तेच हेडर घ्यावे, म्हणजे विसंगती कंपायलरच दाखवतो. डिसअसेंब्लीत कॉलच्या आधी ‘एसएमस्टार्ट’ आहे का, हे पाहिले की निदान पक्के होते.

झेडएबद्दलच्या ‘आउट’ आणि ‘इनआउट’ या ॲट्रिब्यूटमधील गल्लत अधिक फसवी, कारण तिथे काहीच बंद पडत नाही. समजा, एखादे फंक्शन झेडएमध्ये आधीच असलेल्या बेरजेत भर घालते, पण त्यावर ‘आउट’ लिहिले आहे. ‘आउट’चा अर्थ आधीचा मजकूर वाचला जात नाही, असा असल्याने कॉलपूर्वी केलेले झेडए शून्य करण्याचे काम निरुपयोगी ठरवून वगळण्याची मुभा कंपायलरला मिळते. मग डीबग बिल्डमध्ये बरोबर येणारे उत्तर ऑप्टिमायझेशन चालू करताच चुकू शकते. इथे आधीचा मजकूर वाचून बदललेला परत देणारे ‘इनआउट’च हवे. फंक्शन स्वतःसाठी नवे झेडए घेते, असे सांगणारे ‘न्यू’ मात्र हेडरमध्ये लिहूच नये. ती व्याख्येची खासगी बाब आहे.

स्ट्रीमिंग फंक्शनच्या लूपमधून साधे फंक्शन कॉल केल्यास प्रत्येक फेरीत मोड दोनदा बदलतो, आणि मोड बदलताना व्हेक्टर रजिस्टर शून्य होत असल्यामुळे लागणारी मूल्ये दर वेळी मेमरीत ठेवून परत आणावी लागतात. यावर आतल्या फंक्शनला सरसकट ‘स्ट्रीमिंग कंपॅटिबल’ (दोन्ही मोडमध्ये चालणारे) चिकटवणे हा उपाय नाही: त्यातील इनलाइन असेंब्लीत (सी कोडमध्ये थेट लिहिलेल्या प्रोसेसर-सूचना) निऑन या आर्मच्या जुन्या व्हेक्टर संचातील सूचना असतील, तर त्यांतील बऱ्याच सूचना स्ट्रीमिंग मोडमध्ये अनेक प्रोसेसरांवर चालत नाहीत, आणि कंपायलर असेंब्लीच्या आत डोकावत नाही.