पाळणाघर काढताय? या चुका टाळा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की दरवर्षी कुणीतरी विचारायला येतंच. "ताई, मीपण पाळणाघर काढावं म्हणते. तशीही घरीच असते, तशीही माझी दोन आहेतच." या 'तशीही'चीच मला धास्ती वाटते. भुसावळात १४ वर्षं मी हे काम करतेय आणि अजूनही एका वेळी सातच्या वर मुलं घेत नाही. मुलं सांभाळणं हा यातला सोपा भाग. बाई अडकते ती त्यांच्या आईबापांपाशी, नाहीतर स्वतःच्याच घरातल्या बादलीपाशी.

"आपल्या आपल्यात काय, देऊ की!"

सगळ्यात जास्त पाळणाघरं या एका वाक्यावर बंद पडतात.

माझ्याकडे पहिलं बाळ आलं ते शेजारच्या वहिनींच्या भाचीचं. आठ महिन्यांचं. ती जळगावला नोकरीला, रोजचं अप-डाऊन. पैशाचं बोलायला मी लाजले. वेळही ठरली ती 'सहा-साडेसहा' अशी मोघम. महिनाभरात साडेसहाचे सात झाले, मग साडेसात. कारण एकच, गाडी लेट. भुसावळात गाडी लेट म्हटल्यावर कुणी काय वाद घालणार? अर्धं गाव रेल्वेतलं.

एका संध्याकाळी पावणेनऊ वाजले तरी तिचा पत्ता नाही, फोन लागेना. बाळाची दुधाची पावडर संपलेली. माझी मुलगी तापाने फणफणलेली. नवऱ्याला नाइट ड्युटी, त्याचा डबा भरायचा राहिलेला. साडेनऊला बाई आल्या, हातात भाजीची पिशवी. म्हणजे गाडी केव्हाच आली होती, बाजारही करून झाला होता. महिना संपल्यावर माझ्या हातावर ५०० रुपये ठेवले आणि वर डझनभर केळी. केळी! तीही जळगाव जिल्ह्यात!

आता तिचा राग येत नाही. वेळ मीच ठरवली नव्हती.

तेव्हापासून २०० पानी वही आहे. पहिल्या दिवशी चहाच्या आधी वही. आणायची वेळ, न्यायची वेळ, फी, आईबापांशिवाय कोण न्यायला येईल त्यांची नावं, खाली पालकांची सही. सातनंतर दर अर्ध्या तासाला ५० रुपये. शाळेतल्या मॅडम मंडळींना मे महिन्यात आणि दिवाळीत मूल घरी ठेवायचं असतं, पण जूनमध्ये जागा मात्र तयार हवी. त्यांना सुट्टीतही अर्धी फी. कुणी म्हणतं, ताई, हे फार व्यवहारी दिसतं. दिसू दे.

वहीत नाव नसेल तर सख्खा मामा आला तरी आईशी फोनवर बोलल्याशिवाय मी मूल हातात देत नाही. एक मामा फुरंगटून फाटकाबाहेर स्कूटरवर बसून राहिला होता. बसला वीस मिनिटं.

भरलेली बादली

आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे घरोघरी टिपं, कोठ्या, बादल्या भरलेल्या. नवीन बायकांना भीती वाटते ती उंच टिपाची. पण टिपाला झाकण असतं आणि मूल तिथवर पोचतही नाही. घात करते ती अर्धी बादली. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड. वाकलं की तोल पुढे जातो आणि मग त्याला स्वतःहून मागे येता येत नाही. वीतभर पाणी पुरतं. आणि आवाज होत नाही.

दुसऱ्याच उन्हाळ्यातली गोष्ट. मे महिना, पारा ४५च्या घरात. कूलरमध्ये ओतायला बादली भरून मोरीच्या तोंडाशी ठेवली आणि दारात भाजीवाली आली. सुट्ट्या पैशांचा घोळ झाला, असेल मिनिटभर. वळून पाहिलं तर बादलीच्या काठावर दोन पाय, पायांत चांदीचे वाळे. आत पडलेली वाटी काढायला वाकली होती पोर. उपसून काढली. आधी खोकली, मग रडली, आणि मी जी खाली बसले ती उठेचना. भाजीवालीनेच तिला खांद्यावर घेतलं. डॉक्टरांकडे नेलं आणि तिथूनच तिच्या आईला फोन केला. लपवलं नाही. दोन दिवस ती मुलीला घेऊन आली नाही, तिसऱ्या दिवशी आली.

आता मोरीच्या दाराला बाहेरून, वरच्या अंगाला कडी आहे. मुलं घरात असताना बादली भरायचीच नाही. कूलर सकाळी साडेसातला, मुलं यायच्या आत, प्लग काढून भरायचा. लोखंडी कूलरला हात लावून करंट आहे का बघणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून काथ्याने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या वर, कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी बदलून काही होत नाही.

बारीकसारीक, पण रोजचं

सकाळी साडेआठला पॅरासिटामॉल पाजून, गाल पुसून मूल सोडतात आणि साडेबाराला ते तापतं. 'सकाळी कुठलं औषध दिलं, किती वाजता?' हे दारातच विचारा. त्याच औषधाची बाटली ५ मिलीत १२० मिलिग्रॅमची असते तशी २५० चीही असते. त्यामुळे घरातल्या बाटलीतला अंदाजे चमचा कधीच नाही.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं लहानांपुढे ठेवू नका. वर्षाच्या आत मध नाही, आजीने सांगितलं तरी नाही.

नवीन मूल पहिले पंधरा दिवस दुपारी झोपत नाही. पंधरा दिवस कळ काढायची, मग दीड वाजता आपोआप कलंडतं. आजकालच्या मुली तिसऱ्या दिवशी हातात मोबाइल देतात आणि महिन्याने मलाच विचारतात, "ताई, मोबाइलशिवाय झोपतच नाही हो, काय करू?" मी काय सांगणार!

"आज चालला बरं का!"

ही चूक मीही हौसेने करायची. नऊ-नऊ तास मूल आपल्याकडे, तेव्हा पहिलं पाऊल आपल्याच फरशीवर पडणार. मी ते कौतुकाने सांगितलं तेव्हा एका नर्सताईंचा चेहरा असा उतरला की मी बोलता बोलता थांबले. आता सांगत नाही. "घरी जरा मोकळं सोडा त्याला, पायात बळ आलंय," एवढंच म्हणते.

परवा रात्री नऊला फोन. "मावशी, पिंटू चालला! तीन पावलं!"

"हो का!" मी म्हटलं. तीन दिवस मी त्याच्यामागे ओटाभर धावत होते.